दोन बाकं

आमच्या घरात सध्या दोघं बाकावर आहेत. लेक सीनियर केजीत, दुसऱ्या बाकावर; मी हिंजवडीत, ‘बेंच’वर. म्हणजे एक प्रोजेक्ट संपला, दुसरा मिळेना. तिला बाकावर बसवायची फी आम्ही भरतो. मला बसवायचा खर्च कंपनीला सोसवत नाही.

२०२५च्या जुलैत देशातल्या सर्वांत मोठ्या आयटी कंपनीने साधारण २ टक्के, म्हणजे १२ हजारांवर माणसं कमी करणार असं जाहीर केलं. तेव्हापासून आमच्या चिमुकल्या कंपनीतही एचआरचा फोन आला की माणसं आधी कुलदैवत आठवतात. एचआरच्या बाई मात्र गोड. ‘आपण एक कुटुंब आहोत,’ म्हणाल्या. खरंय, वाटण्या कुटुंबातच होतात.

कुटुंबाची काळजी कायद्यालाही आहे: २०१७पासून पन्नास किंवा जास्त माणसांच्या कचेरीला पाळणाघर बंधनकारक आहे. मूल पाळण्यातून उतरेपर्यंत आईबापाची नोकरी टिकेल, असं कलम मात्र त्यात घालायचं राहून गेलं.

काल लेकीने विचारलं, “बाबा, तुझ्या बाई तुला काय शिकवतात?”

“एआय.”

“मग तुला स्टार मिळाला?”

तिच्या फीच्या दुसऱ्या हप्त्याची शेवटची तारीख १५ आहे. एचआरच्या बाईंबरोबर माझी ‘छोटीशी चर्चा’ १४ला.