नळीला कोण विचारतो?

मुतखड्याला समाजात मान आहे. तो किती मिलिमीटरचा, उजवीकडे की डावीकडे, हे विचारायला लोक शहाळी घेऊन घरी येतात. आपण नऊ म्हटलं की मेहुणा स्वतःचा अकराचा काढतो. पण लेझरने खडा फोडल्यावर डॉक्टर मागे जी डीजे स्टेंट नावाची नळी ठेवून देतात, तिच्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. "खडा गेला ना? मग झालं तर!"

झालं कुठलं? नळी साधारण 25 सेंटीमीटर लांब, जेमतेम 2 मिलिमीटर जाड. दोन्ही टोकांना वेटोळं, एक मूत्रपिंडात, दुसरं मूत्राशयात. मूत्रवाहिनी सुजली तरी लघवी अडू नये म्हणून ती घालतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण खालचं वेटोळं मूत्राशयाला घासत राहतं आणि आत थेंबभर असला तरी धावावं लागतं. शिवाय एरवी लघवी करताना मूत्रवाहिनीचं खालचं तोंड मिटतं. नळीमुळे ते उघडंच राहतं आणि थोडा माल उलटा वर चढतो. म्हणजे जायचं खाली आणि कळ यायची कमरेत. हे मी काकांना सविस्तर समजावलं. म्हणाले, "वात असेल."

डॉक्टर म्हणाले होते, "थोडा त्रास होईल." हा 'थोडा' मोजणारी एक प्रश्नावली 2003 साली इंग्लंडमध्ये तयार झाली. लघवी, वेदना, कामधंदा, लैंगिक जीवन, सगळं विचारलेलं. दर पाचांतल्या चौघांना त्रास होतो, असं त्या संशोधकांना आढळलं. त्यांच्यात पहिलं नाव जोशी. इतक्या बारीक चौकशा दुसरं कोण करणार? प्रश्न वाचून दाखवताना कामाचा भाग आला, तेव्हा बायकोने विचारलं, "हे ऑपरेशनच्या आधीचं धरायचं की नंतरचं?"

शेवटी डॉक्टरांनी टॅम्सुलोसिन दिली. स्ट्रिप पाहताच काकांनी खुर्ची पुढे ओढली. "अरे, ही तर माझी गोळी! प्रोस्टेटची!" तेव्हापासून रोज सकाळी त्यांचा फोन येतो. रात्री मी किती वेळा उठलो ते विचारतात, पण आधी स्वतःचा आकडा सांगतात.

नळी काढायची तारीख ठरली आहे. ती चुकवून चालत नाही; आत विसरलेल्या नळीवर क्षार साचून खडे धरतात, म्हणजे पुन्हा शहाळी, पुन्हा मेहुणा. घरात सगळे खूश आहेत. काका तेवढे म्हणाले, "इतकी घाई कशाला?"