चरबीची विल्हेवाट मोरीत नको

उन्हाळ्यात शनिवारी दुपारी सनीव्हेलच्या गल्ल्यांतून चाला, कुणाच्या ना कुणाच्या परसातून हिकरीचा नाहीतर ओकचा धूर येतोच. त्यात आता मराठी घरंही बरीच आहेत. कुणी पोर्कचा खांदा लावतो, कुणी कोंबडीच्या तंगड्या, कुणी मालवणी मसाला चोळलेली मटणाची अख्खी रान. लाकूड कुठलं, मसाला किती वेळ मुरवला, २२५ अंश फॅरनहाइटवर किती तास ठेवलं, यावर ही मंडळी रात्रभर बोलतील. खाली थाळीत साठलेल्या चरबीचं काय केलं, एवढं विचारा. उत्तर ठरलेलं: सिंकमध्ये ओतली, वरून साबण आणि कढत पाणी सोडलं, गेली.

गेली कुठे? आठ पौंडांचा खांदा चढवला, तर शिजून हाती लागतो तो साधारण साठ टक्के. बाकीच्यातलं पाणी वाफ होऊन उडतं आणि चरबी ठिबकत थाळीत येते. कढत असेपर्यंत ती पाण्यासारखी वाहते, गार झाली की थिजते. साबण तिचे बारीक थेंब करतो खरा, पण ते थोड्याच वेळापुरतं. अंगणाखालून रस्त्याकडे जाता जाता पाणी निवतं, साबण विरळ होतो आणि चरबी नळीच्या आतल्या अंगाला धरते. पुढे वाहिनीत तिची गाठ कॅल्शियमशी पडली की साबणासारखा कडक थर बसतो. तो गरम पाण्याला दाद देत नाही, खरवडूनच काढावा लागतो. लंडनच्या व्हाइटचॅपलमध्ये २०१७ साली गटारात असा गोळा सापडला. लांबी २५० मीटर, वजन सुमारे १३० टन. त्यात ओले वाइप्स भरपूर होते, पण त्यांना घट्ट बांधून ठेवलं होतं स्वयंपाकघरांतल्या चरबीनं.

आपल्या घराची नळी तुंबायला एवढी चरबी लागत नाही. आणि तुंबली की मैला वर येतो तो घरातल्या सगळ्यात खालच्या मोरीतून, म्हणजे बहुधा तळमजल्यावरच्या न्हाणीघरात. अंगणाखालच्या त्या नळीचा खर्च घरमालकाच्या माथी. रस्त्याखाली तुंबली तर भोगतो शेजारी, ज्यानं त्या मांसाचा घासही खाल्लेला नसतो. याचा मला खरोखर राग येतो.

याहून वाईट सवय आहे थाळी आणि जाळ्या ड्राइव्हवेवर मांडून पाइपनं धुण्याची. सिंकमधलं पाणी निदान शहराच्या सांडपाणी प्रकल्पात तरी जातं. १९५६ पासून उत्तरेच्या टोकाला, खाडीकाठी तो उभा आहे. त्याच्या तळ्यांभोवती आपण रविवारी फिरायला जातो, पक्षी बघतो. रस्त्याकडेच्या जाळीत गेलेलं पाणी मात्र पावसाच्या पाण्याच्या वाटेनं जातं. ईस्ट चॅनल, वेस्ट चॅनल, कालाबासस क्रीक, आणि तिथून कुठलीही प्रक्रिया न होता थेट सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात. इथे काही टाकू नका, हे पाणी खाडीला जातं, अशी सूचना त्या जाळ्यांपाशी असते. ती वाचता येणारी माणसं त्याच जाळीत चरबी सोडतात. झाडाच्या मुळाशी ओतणं हाही उपाय नव्हे. रात्री रकून आणि उंदीर तिथे हजर होतात.

ही बोलणी फक्त मांसाहारी घरांसाठी आहेत असं कुणी समजू नये. दिवाळीत चकल्या, शेव, शंकरपाळे तळून झाले की कढईत उरलेलं तेल कुठे जातं? मोरीत. तळण शाकाहारी आहे म्हणून नळी त्याला सवलत देत नाही. भारतात अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०१८ साली तळणीच्या तेलाला मर्यादा घालून दिली आणि वापरलेलं तेल गोळा करून त्याचं बायोडिझेल करण्याची योजनाही सुरू केली. अर्थात घरातली कढई बघायला सरकार येत नाही, इथेही नाही.

करायचं ते फार थोडं आहे. थाळीत आधी बोटभर पाणी घाला, म्हणजे ठिबकलेली चरबी करपत नाही. नंतर थाळी गार होऊ द्या, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी वर पांढरा घट्ट थर आणि खाली तपकिरी, थरथरणारी जेली दिसेल. ती जेली म्हणजे मांसाचा अर्क, ती रश्श्यात घाला. वरचा थर सुरीनं उचला, पुन्हा मंद वितळवून फडक्यातून गाळा आणि बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवा. धुराचा वास लागलेल्या या चरबीत परतलेले बटाटे किंवा वालाची उसळ एकदा खाऊन बघा, मग ती फेकताना हात अडखळेल. करपून कडू झाली असेल तरच टाका, तीही थिजवून, झाकणाच्या डब्यात बंद करून, आपल्या दुहेरी कुंडीच्या कचऱ्याच्या कप्प्यात. हाडं आणि उरलेलं मांस तिच्या अन्नाच्या कप्प्यात. जाळ्या धुण्याआधी कागदानं पुसून घ्या. कढईतलं पातळ तेल जास्त असेल तर बाटलीत भरा आणि कार्ल रोडवरच्या स्मार्ट स्टेशन या कचरा केंद्राला आधी विचारून तिथे न्या. पेटत्या निखाऱ्यांवर चरबी उडून भडका झालाच, तर त्यावर पाणी मारू नका. झाकण लावा, हवा तोडा.

इथल्या महाराष्ट्र मंडळाकडे माझी एक मागणी आहे. दिवाळीच्या कार्यक्रमाला शेकडो घरांतली माणसं एका सभागृहात येतात आणि त्या आठवड्यात प्रत्येकाच्या कढईत तेल उरलेलं असतं. यंदा दाराशी झाकणाचं एक पिंप ठेवा, निमंत्रणातच लिहा की येताना तेलाची बाटली आणा, आणि दुसऱ्या दिवशी ते पिंप योग्य ठिकाणी पोचवायला दोन स्वयंसेवक नेमा. उन्हाळ्याच्या सहलीत शेगड्या पेटतात तेव्हा चरबीसाठीही हेच करा. पिंप वाहून न्यायला माझी गाडी घ्या.