लॉकधारकांसाठी पहिला पाठ

अभिनंदन! तुम्ही मराठी डीटीपीचं सॉफ्टवेअर पैसे मोजून, बिल घेऊन विकत घेतलंत. अंधेरी ते बोरिवली आणि घाटकोपर ते मुलुंड, लग्नपत्रिका, सोसायटीच्या नोटिसा आणि गणेश मंडळांचे अहवाल जुळवणाऱ्या गाळ्यांमध्ये असं वागणाऱ्याचं कौतुक होतं. कौतुक करणारा शेजारचा गाळेवाला बहुधा क्रॅक केलेली प्रत वापरत असतो. हा पाठ त्याच्यासाठी नाही, त्याचं सगळं सुरळीत चालू आहे.

खोकं उघडा. आत सीडी, पुस्तिका आणि अंगठ्याएवढा प्लास्टिकचा तुकडा निघेल. सीडी हरवली तरी चालेल, पुस्तिका वाचली नाही तरी चालेल. पैसे मोजलेत ते या तुकड्याचे. कंपनीच्या कागदांत तो डोंगल, धंद्यात नुसतं लॉक. सॉफ्टवेअर सुरू होताना, आणि मग मधूनमधूनही, त्याची हजेरी घेतं. हजर असेल तर अक्षर उमटतं. नसेल तर लॉक सापडत नसल्याची पाटी पडद्यावर येते आणि काउंटरला टेकून मुलीचे वडील उभे असतात. मुहूर्त ठरलेला, पत्रिका आजच प्रेसला जायची.

लॉक कुठे खोचावं? सीपीयूच्या पुढच्या पोर्टला कधीही नाही. तिथे तुमचा गुडघा आहे, झाडू मारणाऱ्या मावशी आहेत आणि ‘काका, एक प्रिंट होती’ म्हणत लॉक उपटून स्वतःचा पेन ड्राइव्ह खुपसणारा कॉलेजचा पोरगा आहे. मागे, भिंतीच्या बाजूला लावा आणि विसरून जा. जुन्या मंडळींना तेवढंही सुख नव्हतं. त्यांचं लॉक प्रिंटरच्या पंचवीस पिनांच्या पोर्टला बसायचं आणि प्रिंटरची केबल त्याच्या पाठीवर. प्रिंटर रुसला की आधी लॉक हलवून बघायचं, हे शिक्षण त्याच पिढीचं.

इथे जरा न्यायाने बोलू. श्रीलिपी, आकृती, आयएसएम ही नावं घराघरांत नसली तरी गाळ्यागाळ्यांत पोचली, कारण नव्वदच्या दशकातल्या विंडोजला देवनागरी येतच नव्हतं. ते आलं विंडोज २००० बरोबर, मंगल फॉन्ट घेऊन. त्याआधी फॉन्ट, कीबोर्ड, जोडाक्षरं हे सगळं याच मंडळींनी स्वतः घडवलं आणि लॅमिंग्टन रोडच्या फुटपाथवर कुठल्याही सॉफ्टवेअरची सीडी चिल्लर भावात मिळत होती. त्यांची चोरीची भीती खोटी नव्हती. पण ज्याला भ्यायचं तो लॉक तोडून मोकळा झाला, आणि तिकीट काढलेल्यालाच दर स्टेशनला टीसी धरतो तशी तुमची गत झाली.

आता प्रवास. हा धडा मोठा आहे, पाणी पिऊन घ्या. समजा तुमचं घर मुलुंडला आणि गाळा अंधेरीला. रात्री जेवून स्मरणिकेची चार पानं उरकावीत असा विचार मनात आला, तर सॉफ्टवेअर दोन्ही कॉम्प्युटरवर टाकता येईल, पण लॉक एकच. म्हणजे ते रोज तुमच्याबरोबर मेट्रोने घाटकोपरला आणि तिथून स्लो लोकलने मुलुंडला येणार. शर्टाच्या खिशात ठेवू नका: घाटकोपरच्या पुलावरून वाचलं तरी घरच्या वॉशिंग मशीनमधून वाचत नाही. किल्ल्यांच्या जुडग्याला अडकवू नका, तोंड वाकतं. डब्याच्या पिशवीतला आतला कप्पा हा सध्याचा सर्वमान्य उपाय, फक्त डबा घासायला टाकताना आपण काय टाकतोय ते पाहावं.

तरी एक दिवस ते घरी राहणारच. अंधेरीला शटर उघडल्यावर हे कळतं. अशा वेळी ओरडू नये. घरी फोन लावावा आणि शांतपणे म्हणावं, ‘अगं, टीव्हीच्या मागे काळं काही दिसतंय का? नाही, तो चार्जर. नाही, ते डासांचं मशीन.’ मग चिरंजीव कॉलेज बुडवून मेट्रोने ते आणून देतात आणि त्याबद्दल महिनाभर ऐकवतात.

कायद्याची ओळख असलेली बरी. कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ सांगतं की रीतसर मिळवलेल्या प्रोग्रामची बॅकअप प्रत तुम्ही ठेवू शकता, मूळ प्रत हरवली किंवा बिघडली तर हाताशी असावी म्हणून. तेव्हा सीडीची प्रत खुशाल काढा. ती लॉकशिवाय चालणार नाही, ही गोष्ट वेगळी. मग लॉकचीच नक्कल करू म्हणाल, तर २०१२ च्या दुरुस्तीने ६५-अ हे कलम आलंय: हक्कभंगाच्या हेतूने असं संरक्षण तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद. तुमचा हेतू शुद्ध आहे, हे तुम्ही साहेबांना समजावून सांगालच. शेजाऱ्यासाठी ६३-ब आहे, जाणूनबुजून चोरीचा प्रोग्राम वापरण्याबद्दल सात दिवस ते तीन वर्षं आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. तो मजेत आहे. मघाशीच तो तुमच्याकडे चहाला येऊन गेला.

नकलेविरुद्धचे उपाय हाताबाहेर जातात, हा अनुभव जगाचा आहे. १९८६ साली लाहोरच्या अल्वी बंधूंनी आपलं सॉफ्टवेअर कोण चोरतं ते कळावं म्हणून फ्लॉपीत प्रोग्रामचा एक तुकडा घुसवला, आत स्वतःचा पत्ता आणि फोन नंबरही लिहिला. तो निघाला पीसीवरचा पहिला गाजलेला व्हायरस, ब्रेन. २००५ मध्ये सोनी बीएमजीच्या गाण्यांच्या सीडी कॉम्प्युटरमध्ये घातल्या की मालकाला न सांगता लपून बसणारं सॉफ्टवेअर आत शिरायचं. गदारोळ झाल्यावर सीडी परत मागवाव्या लागल्या. तुमचं लॉक त्या मानाने सज्जन. निदान डोळ्यांना दिसतं.

पुढचा धडा, नवा कॉम्प्युटर घेणे. घेऊ नका. जुन्या लॉकचा ड्रायव्हर ३२ बिटांचा असतो आणि ६४ बिटांचं विंडोज त्याला उंबऱ्यात उभं करत नाही. लॉक पंचवीस पिनांचं असेल तर नव्या मशीनला ते भोकच नाही, आणि बाजारातला यूएसबीचा अडॅप्टर प्रिंटर चालवतो, लॉक सहसा नाही. म्हणून गाळ्यागाळ्यांत कोपऱ्यात एक विंडोज एक्सपीचं धूड घरघरत असतं. मायक्रोसॉफ्टने एप्रिल २०१४ मध्येच त्याच्यावरचा हात काढला. ते बंद करायचं नाही, त्याला इंटरनेट दाखवायचं नाही आणि त्याच्यावर मोठ्याने बोलायचंही नाही.

लॉक हरवलं तर? बिघडलेलं परत पाठवून बदलून मिळू शकतं. हरवलेल्याला बहुतेक विक्रेत्यांचं एकच उत्तर असतं, सॉफ्टवेअर पुन्हा विकत घ्या.

शेवटचा धडा मात्र थट्टेचा नाही. श्री-देव-०७१४ सारख्या जुन्या फॉन्टात टाइप केलेला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी होऊन उघडतो. त्यातला बराचसा पेजमेकरमध्ये आहे, आणि पेजमेकरला मराठी युनिकोड कधीच जमलं नाही. मंडळांच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिका, शाळांचे अंक, ज्ञातिमंडळांच्या वधूवर सूच्या, उपनगरांतल्या पंचवीस-तीस वर्षांचा असा कितीतरी मजकूर त्या एक्सपीच्या धुडात पडून आहे, आणि त्याची किल्ली तुमच्या डब्याच्या पिशवीत. कर्व्ह केलेल्या, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून ठेवलेल्या फाइली छापता येतात, पण त्यांत शब्द शोधता येत नाही की दुरुस्त करता येत नाही. तेव्हा लॉक हजेरी देतंय तोवर एकेक जुनी फाइल कन्व्हर्टरमधून काढून युनिकोडमध्ये आणा. रफार आणि ऱ्हस्व वेलांटी हमखास भलत्या अक्षरावर जाऊन बसतात, त्या डोळ्यांनी तपासा. आणि तयार झालेली प्रत ज्याची स्मरणिका त्याला मेल करून टाका, लॉक न लावता.