आडनाव विचारताय की जात?

नाव सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला : "आणि आडनाव?" त्यावरून अंदाज लागला नाही, तर लगेच तिसरा : "म्हणजे मूळचे कुठले तुम्ही?" खोली भाड्याने घेताना, नोकरीच्या पहिल्या दिवशी, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसल्या-बसल्याही. विचारणाऱ्याला आडनावाशी काही देणंघेणं नसतं, त्याला जात हवी असते. हे थांबलं पाहिजे.

आपली कितीतरी आडनावं म्हणजे जुने हुद्दे. गावचं दप्तर लिहिणारा कुलकर्णी, परगण्याचा हिशेब ठेवणारा देशपांडे, खजिना सांभाळणारा पोतनीस, पत्रव्यवहार पाहणारा चिटणीस. नाना फडणवीसांचं घराणं मुळात भानूंचं. फडणिशीने त्यांना नवं आडनाव दिलं. त्यांचे धनी पेशवे मूळचे भट. १९५०च्या कायद्याने परगणा आणि कुलकर्णी वतनं गेली, १९६२च्या कायद्याने मुलकी पाटीलकी गेली. काम संपलं, अधिकार संपला. आडनावाचा तोरा मात्र अजून उतरत नाही.

उरलेल्यांत गावावरून पडलेली आडनावं भरपूर. होळ गावचे ते होळकर. मास्टर दीनानाथांनी गोव्यातल्या मंगेशीवरून मंगेशकर हे आडनाव लावलं. बाबासाहेबांच्या वडिलांचं आडनाव सकपाळ. आंबडवे या मूळ गावावरून आंबडवेकर आणि पुढे आंबेडकर झालं. जोतीरावांचं घराणं गोऱ्हे. फुलांच्या व्यवसायाने ते फुले झाले. महाराष्ट्र ज्यांच्या नावाने स्वतःची ओळख सांगतो, त्यांचीच आडनावं अशी बदललेली आहेत. मग आडनावात रक्त आणि कुळ शोधण्यात काय अर्थ आहे?

शिवाय हा अंदाज चुकतोही. देशमुख मराठ्यांत आहेत, ब्राह्मणांत आहेत, मुसलमानांतही आहेत. पाटील मराठा असेल, आगरी असेल, लिंगायत किंवा जैनही असेल. जाधव आणि पवार मराठ्यांत जसे आहेत, तसे बौद्धांत आणि भटक्या-विमुक्तांतही आहेत. पण अंदाज चुकतो म्हणून तो वाईट, असं माझं म्हणणं नाही. तो बरोबर आला तरी अन्यायच आहे; किंबहुना बरोबर आला की दार बंद होतं.

खोली मिळावी, पोरांना वर्गात टोमणे बसू नयेत, म्हणून कितीतरी कुटुंबांनी राजपत्रात जाहिरात देऊन आडनावं बदलली. ज्याने आडनाव लपवलं त्याला आपण दोष देतो. ज्याच्यामुळे लपवावं लागलं तो बिनघोर राहतो. घरमालकाने भाडं, अनामत आणि करार एवढंच बोलावं. आडनाव करारनाम्यावर सही करताना कळेलच. आणि ते कळल्यावर ज्याला भाडेकरू नकोसा वाटतो, त्याच्या तोंडावर हे भेदभावाचं वागणं आहे असं सांगायची जबाबदारी शेजाऱ्यांची आहे, सोसायटीची आहे, आपली आहे.