मागितला सातबारा, मिळाली तारीख

एक्सेलच्या रकान्यात 7/12 टाइप करा आणि एंटर दाबा. सातबारा गायब होतो आणि त्याच्या जागी सात डिसेंबर येऊन बसतो. भाऊबंदांच्या वाटणीसाठी कागदपत्रांची यादी करायला बसलेल्या आमच्या मामांनी हा प्रकार पाहिला आणि चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "सातबारा मागितला की तारीख देतोय! ह्याला तलाठ्यानं शिकवलंय काय रे?"

मामांना समजावणं हे माझं काम. संगणकाला गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा ठाऊक नाहीत. तिरकी रेघ दिसली की त्याला तारीख दिसते. आपल्याकडच्या सेटिंगमध्ये आधी दिवस, मग महिना, म्हणून सात डिसेंबर. अमेरिकन सेटिंगमध्ये महिना आधी, म्हणून तोच सातबारा तिकडे टाइप केला की 12 जुलै.

"म्हणजे अमेरिकेत लवकर मिळतो," मामा म्हणाले.

मग त्यांनी स्वतःच फॉरमॅटमध्ये हात घातला. रकान्याचं सेटिंग 'जनरल' केलं, तर तिथं 45998 उगवलं. "हा कुठला गट नंबर? अख्ख्या तालुक्यात एवढे गट नाहीत!" गट नंबर नव्हे मामा, दिवस. एक्सेल 1 जानेवारी 1900 ला एक धरून दिवस मोजत येतं, आणि वर्ष लिहिलं नाही तर चालू वर्ष धरतं. तेव्हा 2025 चालू होतं, त्या हिशोबात 7 डिसेंबर 2025 हा 45998वा. त्यातली खरी गंमत म्हणजे या मोजणीत 29 फेब्रुवारी 1900 हा दिवसही धरलाय, आणि तो दिवस कधी उजाडलाच नाही! 1900 हे लीप वर्ष नव्हतंच. लोटस 1-2-3 या जुन्या प्रोग्रॅममध्ये ती चूक होती, आणि त्याच्या फायली जुळाव्यात म्हणून एक्सेलनं ती जशीच्या तशी उचलली. इथं मात्र मामांना समजावावं लागलं नाही. चुकीचा फेरफार एकदा नोंदला गेला की बापजन्मी निघत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक?

आता त्यांना फॉरमॅटची चटकच लागली. एक 'डी' लिहिला की 7, दोन लिहिले की 07, तीन लिहिले की वाराचं आखूड नाव, चार लिहिले की पूर्ण वार. मामांनी चार लिहिले. रविवार निघाला. "बघ! सुट्टीच्या दिवशीची तारीख दिलीय." 'एम'ची तऱ्हा आणखी वेगळी. जावासारख्या भाषांत मोठा एम महिना आणि छोटा एम मिनिट. एक्सेल मोठ्या-छोट्याला मोजत नाही, ते शेजारी कोण बसलंय ते बघतं. तासाच्या मागोमाग किंवा सेकंदाच्या लगेच आधी आला तर मिनिट, नाहीतर महिना. सोयरीक जमवताना आपणही एवढंच बघतो.

या तारीखवेडापुढे शास्त्रज्ञांनीसुद्धा हात टेकलेत. माणसाच्या काही जनुकांची नावं 'मार्च1', 'सेप्ट1' अशी होती आणि एक्सेल त्यांच्या तारखा करून टाकायचं. शेवटी 2020 मध्ये नावं ठरवणाऱ्या समितीनं जनुकांचीच नावं बदलल्याचं जाहीर केलं. 'सेप्ट1'चं 'सेप्टिन1' झालं. जनुकांना वारस नोंद नसते, म्हणून जमलं. सातबाऱ्याचं नाव बदला म्हणून कुणी मामांना सांगून बघावं!

तेव्हा लोकहो, तारीख लिहायची असेल तर महिना अक्षरात लिहा, म्हणजे पुण्यातला आणि न्यू जर्सीतला माणूस एकच दिवस वाचेल. आणि सातबारा लिहायचा असेल तर रकाना आधी 'टेक्स्ट' करून घ्या, नंतर टाइप करा. उलट क्रमानं केलंत तर 7/12 परत येत नाही, 45998 सारखा आकडा येतो.