एक पक्कं बिल करा, किटवाले भाई!

श्री. किटवाले भाई,
मुक्काम अकोटा, बडोदे.

सा. न. वि. वि.

मायन्यात तुमचं खरं नाव घालायची फार इच्छा होती, पण ते कुठे सापडेना. गॅरेजवर पाटी नाही. पावतीवर शिक्का असेल म्हणावं, तर पावतीच नाही. गिऱ्हाइकांच्या मोबाइलमध्ये तुम्ही ‘गॅसवाळा भाई’ आहात आणि तो नंबरही काही महिन्यांनी लागेनासा होतो. देवळाला पंखा दिला तरी पात्यांवर नाव रंगवून घेणाऱ्यांच्या या जगात तुमच्याइतका निरिच्छ कारागीर शोधून मिळायचा नाही. म्हणून पत्र उघडंच लिहितो आहे. ज्याचं त्याला पोहोचेल.

निमित्त आहे आमच्या सोसायटीतून मुलांना शाळेत नेणाऱ्या वर्दीच्या व्हॅनचं. जुनी ओम्नी आहे, मागे समोरासमोर दोन बाकं, आणि त्यांवर कंपनीला कधी सुचली नसतील इतकी मुलं. सगळी दप्तरं मांडीवर घेऊन बसतात. खाली का ठेवत नाही, असं नातीला विचारलं तर म्हणाली, “खाली बाटला आहे ना, आजोबा.” वाकून पाहिलं. खरंच होता. घरगुती गॅसचा लाल बाटला, आडवा निजवलेला, दोन्ही बाजूंना विटांचे तुकडे आणि वरून नायलॉनची दोरी. वर्दीवाल्या काकांनी अभिमानानं सांगितलं की काम तुमचं आहे. तुमचं आश्वासनही त्यांना तोंडपाठ होतं : “टेन्शन नहीं लेवानुं, कंपनी जेवुं ज छे.”

भाई, आधी तुमच्या बाजूनं बोलतो. पेट्रोलची गाडी गॅसवर चालवणं हा गुन्हा नाही, हे तुम्ही गिऱ्हाइकांना सांगता ते खरंच आहे. सन २००० मध्ये मोटार वाहन कायदा दुरुस्त झाला आणि एलपीजीला रीतसर परवानगी मिळाली. २००१ मध्ये गाडीत हा गॅस कसा वापरायचा याचा स्वतंत्र आदेश निघाला. इंधन म्हणूनही गॅस गुणी आहे. त्याचा ऑक्टेन शंभराच्या वर, काजळी कमी, तेल जास्त काळ स्वच्छ राहतं. काही कंपन्यांनी तर कारखान्यातूनच गॅसच्या गाड्या विकल्या. म्हणजे तुमचं पहिलं वाक्य कायदेशीर आहे. बेकायदा आहे ते त्यानंतरचं सगळं.

रीतसर कामात काय असतं, ते तुम्हाला माहीत असणारच, कारण त्यातलं एकेक वगळूनच तुमचा भाव खाली येतो. गाडीसाठी वेगळी, जाड पत्र्याची टाकी असते. तिच्यावर भारतीय मानकाचा शिक्का, अनुक्रमांक आणि चाचणीची तारीख कोरलेली असते. टाक्यांना मंजुरी देणाऱ्या पेसोचं मुख्यालय नागपूरला आहे. किटचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत तपासून घ्यावा लागतो. टाकीच्या तोंडाशी एक व्हॉल्व्हचा संच असतो. टाकी ऐंशी टक्के भरली की तो आत येणारा गॅस थांबवतो. नळी तुटून गॅस एकदम सुटला तर वाट बंद करतो, आणि दाब फार वाढला तर थोडा गॅस बाहेर सोडून टाकी वाचवतो. या व्हॉल्व्हवर हवाबंद झाकण असतं आणि तिथून एक नळी गाडीच्या बाहेर काढलेली असते, म्हणजे थोडी गळती झालीच तर बाकावरच्या माणसाच्या नाकाशी येत नाही. इंजिन बंद झालं की गॅसही आपोआप बंद होतो.

तुम्ही या सगळ्याच्या जागी विटांचे दोन तुकडे लावलेत. काटकसरीचा हा नमुना बडोद्याच्या टेक्नॉलॉजी फॅकल्टीत अभ्यासाला लावावा.

त्यातही बाटला निजवण्यामागचं तुमचं शास्त्र मला मोहवून गेलं. घरातला बाटला उभा असतो, वरून वाफ निघते, रेग्युलेटर तिचा दाब उतरवतो आणि शेगडीला बेताचा गॅस मिळतो. इंजिनाची भूक मोठी. तेवढी वाफ ओढली की बाटला गारठतो, दाब पडतो आणि गाडी उड्डाणपुलाच्या चढावर आचके देते. रीतसर किटमध्ये टाकीतून द्रव गॅस निघतो आणि इंजिनाच्या गरम पाण्यावर चालणारा व्हेपरायझर त्याची वाफ करतो. तुम्ही बाटलाच आडवा केलात, रेग्युलेटर काढलात, द्रव बाहेर आणलात. नळी मात्र शेगडीचीच ठेवलीत, ती नारिंगी. मे महिन्यात बडोद्याचा पारा बेचाळीस-त्रेचाळीसला टेकतो तेव्हा बाटल्यातला दाब शेगडीच्या दाबाच्या शेकडो पट असतो. त्या नळीला हे कुणी सांगितलेलं नाही.

आता तुमच्या रात्रपाळीकडे वळू. काही गिऱ्हाइकांना तुम्ही जुन्या बाजारातली टाकी बसवून देता आणि ती भरायलाही तुमच्याकडेच बोलावता. शटर अर्धं खाली, एक छोटी मोटर, दोन नळ्या आणि शेजारी लाल बाटल्यांची रांग. बाटल्यात १४.२ किलो गॅस असतो. तो मोटरीनं गाडीत ओतला जातो. ऐंशी टक्क्यांना थांबणारा व्हॉल्व्ह तुम्ही अडथळा म्हणून आधीच काढलेला असतो. उन्हानं द्रव फुगतो, त्याला फुगायला जागा लागते, म्हणून वरचा वीस टक्के भाग रिकामा ठेवतात. पण तुमच्या दुकानात रिकामी जागा म्हणजे नुकसान.

नळी काढताना थोडा गॅस सुटतो. त्यालाही तुम्ही ‘एटलुं तो चाले’ म्हणता. थोडा हिशेब करू. एक लिटर द्रव गॅस सुटला की त्याची साधारण अडीचशे लिटर वाफ होते. हवेत ती दोन टक्क्यांच्या आसपास मिसळली तरी ठिणगीची वाट पाहणारं मिश्रण तयार होतं. म्हणजे एका लिटरमागे बारा हजार लिटरहून जास्त हवा पेटण्याजोगी झाली. एक लहानशी खोली भरली. ठिणगी शोधायला लांब जावं लागत नाही, तुमची मोटर आहेच.

शिवाय हा गॅस हवेपेक्षा जड. तो वर उडून जात नाही, जमिनीलगत सरपटत गटारात, लिफ्टच्या खड्ड्यात, सोसायटीच्या तळमजल्यावरच्या पार्किंगमध्ये उतरतो आणि तिथे थांबतो. अकोटेकरांना खालून येणाऱ्या पाहुण्यांची सवय आहे, हे कबूल. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी चढली तेव्हा स्टेडियमजवळच्या एका घराच्या छपरावर मगर जाऊन बसली होती आणि साऱ्या देशानं ती टीव्हीवर पाहिली. पण मगर निदान दिसते. तुमच्या पाहुण्याची ओळख फक्त वासानं पटते, तीही गॅसमध्ये मुद्दाम मर्कॅप्टन मिसळतात म्हणून. हा वास काढून टाकायची युक्ती अजून तुमच्या हाती लागलेली नाही, हे आमचं नशीब.

आता तुमची समाजसेवा. ‘पेट्रोलच्या अर्ध्या खर्चात’ हे तुमचं ब्रीद. एक लिटर गॅसमधली ऊर्जा एक लिटर पेट्रोलच्या साधारण पाऊणपट, म्हणजे मायलेज घटणारच. तरी परवडतं, कारण तुम्ही विकता तो गॅस गाडीचा नाहीच. घरगुती गॅसवर जीएसटी पाच टक्के आहे, गाडीच्या गॅसवर अठरा. वर घरगुती गॅसचा भाव आवाक्यात राहावा म्हणून सरकार तिजोरी उघडतं. २०२२ मध्ये एकाच निर्णयात केंद्रानं तेल कंपन्यांना त्यासाठी २२,००० कोटी रुपये दिले. चुलीच्या धुरातून बाईची सुटका व्हावी म्हणून बाजूला काढलेला हा पैसा तुम्ही ओम्नीच्या कार्बोरेटरमधून पुढे पाठवता. वर म्हणता की गरिबाला मदत करतो.

हे सगळं घडतंय कुठे, तर बडोद्यात. शहराच्या उंबऱ्यावर कोयलीची रिफायनरी १९६५ पासून उभी आहे. देशातली कितीतरी शहरं रॉकेलच्या रांगेत उभी होती तेव्हा, १९७२ पासून, इथे घरात नळानं गॅस येऊ लागला. गॅसबद्दल इतकं जुनं शहाणपण असलेल्या गावात तुम्हाला बाटले मिळतात कसे, हा प्रश्न मला पडत असे. उत्तर सोपं निघालं. नळाचा गॅस घरी आल्यावरही बाटल्याचं पुस्तक परत न करणारी सभ्य मंडळी आहेत. बुकिंग त्यांच्या नावावर, बाटला तुमच्या दारात, वरचे पैसे दोघांत वाटून. त्यांनीही हे पत्र आपल्यालाच आलं आहे असं समजून वाचावं.

तुमच्या धंद्याची खरी करामत मला कायद्याच्या कलमांत सापडली. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की गाडीत असा बदल करायचा तर आरसी बुकात नोंद हवी. नोंद नसेल तर कलम १८२अ खाली गाडीच्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्हीही होऊ शकतं. विमा कंपनीला न कळवता किट बसवलं तर अपघातानंतर तिला हात झटकायला आयतं कारण मिळतं. किटचा जादा विमा उतरवायचा खर्च केवढा, तर किटच्या किमतीच्या साधारण चार टक्के, आणि तिसऱ्या पक्षाच्या जबाबदारीसाठी साठ रुपये. तो वाचवायचा सल्लाही तुमचाच. म्हणजे दंड वर्दीवाल्या काकांना, कोर्टाच्या तारखा त्यांना, बाकावर मुलं आमची. तुमच्यापर्यंत काहीच पोहोचत नाही, कारण तुम्ही कुठल्या कागदावर नाहीच. मोठमोठ्या वकिलांना न जमलेली ही सोय तुम्ही निव्वळ पावती न फाडून साधलीत.

याच अकोट्याच्या मातीत १९५१ मध्ये जैन मूर्तींचा साठा सापडला, अडुसष्ट धातुमूर्तींचा. त्यांतल्या कित्येक आज कमाटीबागेतल्या संग्रहालयात आहेत. उमाकांत शहांनी त्यांच्यावर पुस्तक लिहिलं आणि हे गाव जगभरच्या कलाभ्यासकांना माहीत झालं. सवड काढून पाहून या. अनेक मूर्तींच्या पीठावर, पाठीवर लेख कोरलेले आहेत, कुणी करवून घेतली, कुणी दिली ते सांगणारे. सहाव्या शतकातल्या एका मूर्तीवर जिनभद्र वाचनाचार्यांचं नाव आहे. चौदाशे वर्षांपूर्वी इथल्या माणसाला धातूच्या वस्तूमागे आपलं नाव उभं करायची लाज वाटली नाही. तुमच्या दुकानात मात्र जुन्या टाकीवर कोरलेला अनुक्रमांक आधी ग्राइंडरनं घासून काढतात. कलेचा वारसा असा उलटाही चालवता येतो तर!

१८ जानेवारी २०२४ ला याच बडोद्यातल्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची नाव उलटली. बारा मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. नावेत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती आणि पुरेशी लाइफ जॅकेटं नव्हती. मुलांना चढवताना ‘एवढ्यानं काय होतं’ असं कुणाला तरी वाटलंच असणार. या शहरातल्या माणसानं त्यानंतर शाळेच्या व्हॅनमध्ये बाकाखाली बाटला बांधावा आणि वर ‘टेन्शन नहीं लेवानुं’ म्हणावं, याला काय म्हणायचं ते तुम्हीच सांगा. मला शब्द सापडत नाही.

तर माझी एकच विनंती आहे. एक पक्कं बिल करा. त्यावर तुमचं नाव, पत्ता आणि जीएसटी क्रमांक लिहा. टाकीचा अनुक्रमांक, चाचणीची तारीख आणि किटच्या मंजुरीचा क्रमांक लिहा. ‘शाळकरी मुलांच्या बाकाखाली मी हे बसवलं आहे’ असं एक वाक्य लिहा आणि खाली सही करा. तुम्ही म्हणता तसं काम कंपनीसारखंच असेल, तर दोन मिनिटांचं लेखन आहे.

उत्तराची घाई नाही, कारण आमचं काम अडून राहिलेलं नाही. परवा सोसायटीची बैठक झाली. मुलं वाढवून पैसे कमी करायचा आग्रह पालकांनी आता धरायचा नाही आणि वर्दीवाल्या काकांना महिन्याला वाढीव पैसे द्यायचे, असं ठरलं. त्यातून त्यांनी नोंदणीकृत केंद्रातून किट बसवावं, आरसीत नोंद करावी, विमा कंपनीला कळवावं. काका तयार आहेत. तोवर व्हॅन पेट्रोलवर चालेल. आणि एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की इंधनाच्या रकान्यात काय लिहिलं आहे ते कुणालाही दिसतं, हे बैठकीतल्या सगळ्या आयांना दाखवून झालं. शेजारच्या दोन सोसायट्यांतल्या आयाही शिकून गेल्या. ज्या व्हॅनच्या रकान्यात नुसतं पेट्रोल असेल आणि बाकाखाली बाटला, तिच्यात आमचं एकही मूल चढणार नाही. धंदा मंदावला तर कारण कळावं, म्हणून आधीच कळवतो आहे.

कळावे,

अकोट्यातले एक आजोबा

ता. क. : तो लाल बाटला काकांनी उतरवून आपल्या घरी स्वयंपाकघरात उभा केला आहे. विटांचे दोन तुकडे आणि दोरी मात्र तुमची आहे. सवडीनं घेऊन जा. पावती आम्ही देऊ.