डावं-उजवं

समुद्री गोगलगायीचा जीवाश्म शोधायचा तर सोलापूरकराने कच्छची नाहीतर राजमहेंद्रीची गाडी पकडावी. आपल्या पायाखाली काळा फत्तर. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्ह्याचे थर चढत होते. मधूनमधून लाव्हा उसंत घ्यायचा, तेवढ्यात तळी साठायची, त्यांत गोगलगायींचा संसार मांडला जायचा, आणि पुढचा थर येऊन सगळ्यावर झाकण घालायचा. पण हा संसार गोड्या पाण्यातला.

त्यातली नामांकित म्हणजे फायसा प्रिन्सेपी. माल्कमसन या मद्रासकडच्या लष्करी डॉक्टरने नमुने गोळा केले, इंग्रज निसर्गशास्त्रज्ञ सॉवर्बीने १८४० मध्ये बारसं केलं. नाव दिलं जेम्स प्रिन्सेपचं. ज्याने अशोकाची ब्राह्मी लिपी वाचली, त्याच्या वाट्याला गोगलगाय आली! पुढे नागपूरचे मिशनरी हिस्लॉप यांनी १८६० मध्ये तिचे लांबट आणि फुगीर असे प्रकार पाडले. वर्णनं वाचताना वधू-वर सूचक मंडळाची वही उघडल्यासारखं वाटतं. कवच पुष्कळदा विरघळून आत भरलेल्या गाळाचा दगडच तेवढा उरतो, तेव्हा बांध्यावरूनच पारख करायची.

एक खूण मात्र चुकत नाही. टोक वर आणि तोंड आपल्याकडे धरलं की बहुतेक गोगलगायींचं तोंड उजवीकडे येतं, फायसाचं डावीकडे. सगळं घराणंच डावखुरं.

हे आमच्या शेजारच्या काकांना सांगितलं. त्यांना दक्षिणावर्ती, म्हणजे उजव्या, शंखाचा भारी सोस. पूजेचा शंख ही खरीखुरी समुद्री गोगलगाय, आणि तिच्यात दक्षिणावर्ती फार दुर्मीळ. गंमत अशी, की शास्त्रज्ञ तिलाच डावी म्हणतात! देवघरात शंखाची पन्हळ वर आणि टोक खाली. शास्त्रज्ञ टोक वर धरतात. शंख तोच, नुसता फिरवला की डाव्याचा उजवा. म्हणजे देवघराच्या हिशेबाने त्या तळ्यांतल्या झाडून साऱ्या फायसा दक्षिणावर्तीच.

काका बराच वेळ गप्प. लाखोंनी दक्षिणावर्ती, तेही चिखलात, हे त्यांना झेपेना.

“पण वाजते का?” शेवटी त्यांनी विचारलं.

“आत दगड भरलाय, काका.”

“मग दुकानदाराला यातलं काही सांगू नकोस,” काका म्हणाले, “नाहीतर तो तीही विकायला ठेवेल.”